जॅकवेलमधला उभा पंप थरथरतो तेव्हा: बॅलन्सिंगच्या आधी करायची कामं, क्रमवार

जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर. तिच्यातल्या उभ्या टर्बाइन पंपाची मोटर वरच्या टोकाला हलायला लागली की बहुतेक पंपहाउसवर एकच क्रम ठरलेला असतो. मोटर उतरवा, रोटर बॅलन्सिंगला पाठवा, बेअरिंग बदला, परत चढवा. पंप चालू केला की थरथर जिथल्या तिथे. मग संशय इम्पेलरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावर. कॉलम (पाणी वर आणणारा लांब पाइप) उपसून वर काढायचा, बुश (आतल्या शाफ्टचे आधार) बदलायचे, पुन्हा सोडायचा. थरथर थोडी कमी होते किंवा थोडी वाढते, आणि का, ते कोणालाच सांगता येत नाही.

बॅलन्सिंगने फक्त धक्का कमी होतो. तो धक्का यंत्रणा किती पटीने वाढवून दाखवते, त्यात बॅलन्सिंगने काहीच फरक पडत नाही. उभा पंप हे मुळातच लवचीक यंत्र आहे. खिडक्या कापलेल्या डिस्चार्ज हेडवर (विहिरीच्या तोंडावरचा, पाणी आडव्या पाइपात वळवणारा भाग) टन-दीड टनाची मोटर उभी, आणि खाली विहिरीत दहा-पंधरा मीटरचा कॉलम पाण्यात लोंबकळलेला. या सगळ्याची स्वतःची एक ठरलेली नैसर्गिक वारंवारता असते. ती मोटरच्या फेऱ्यांजवळ आली, की मर्यादेतला असमतोलही मोठा दिसतो. पोलादी बांधणीत कंपन जिरवण्याची क्षमता, म्हणजे डॅम्पिंग, साधारण १ ते २ टक्केच असते. २ टक्के धरलं तर ऐन रेझोनन्सवर, म्हणजे फेरे आणि नैसर्गिक वारंवारता एक झाल्यावर, धक्का २५ पट होऊन येतो. फेरे नैसर्गिक वारंवारतेच्या ९० टक्क्यांवर असले तरी पाचपटीहून जास्त, ८० टक्क्यांवर असले तर पावणेतीन पट.

म्हणून या लेखातला क्रम मोडू नका. आधी ढिलेपणा, मग चालू पंपाची मोजणी, मग ठोक्याची चाचणी, मग पाण्याखालचा हिशेब, आणि त्यानंतरच उपाय. बॅलन्सिंगची पाळी सगळ्यात शेवटी येते.

टप्पा १: तयारी

हातात चार गोष्टी हव्यात: दोन सेन्सर लागणारा व्हायब्रेशन अ‍ॅनालायझर, टॅको (फेरे मोजणारं यंत्र) आणि त्याची परावर्तक पट्टी, जाड लाकडी किंवा कडक रबरी तोंडाचा तीन ते पाच किलोचा हातोडा, आणि डायल गेज. लोखंडी घण नको. त्याचा ठोका फार छोट्या वेळात संपतो आणि आपल्याला हव्या असलेल्या कमी वारंवारतेत ताकद पोचत नाही. शिवाय रंग आणि कास्टिंग फुटतं ते वेगळंच.

नेमप्लेटवरचे मिनिटाचे फेरे हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती, लिहून काढा. ६० ने भागलं की झालं. चार पोलची मोटर १४८० फेऱ्यांना २४.७ हर्ट्झ, सहा पोलची ९८५ ला १६.४, आठ पोलची ७४० ला १२.३. इम्पेलरची पाती मोजलेली असतील तर पाती गुणिले फेरे हाही आकडा काढून ठेवा. पाच पाती आणि १४८० फेरे म्हणजे सुमारे १२३ हर्ट्झ.

मोटर बनवणाऱ्याकडून रीड फ्रिक्वेन्सी, म्हणजे मोटरची स्वतःची नैसर्गिक वारंवारता, मागवा. उभ्या मोटरच्या डेटाशीटमध्ये ती असते. पण मोटर पूर्णपणे अढळ पायावर बोल्ट केली तर किती, याचा तो आकडा आहे. डिस्चार्ज हेडवर चढली की वारंवारता खालीच येते. डेटाशीटवर २८ हर्ट्झ बघून ‘आपण २४.७ पासून लांब आहोत’ असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक आहे. प्रत्यक्षात ती २५ वर येऊन बसलेली असू शकते.

> सावधान: पंप बंद करताना ब्रेकरला कुलूप आणि पाटी लावा. विहिरीवरच्या उघड्या जागांवर जाळ्या टाका. पाणबुड्या उतरणार असेल तर त्याच सम्पमधले (पंप ज्यातून पाणी ओढतात त्या टाकीतले) शेजारचे सगळे पंप कुलूपबंद हवेत, फक्त आपला नाही.

टप्पा २: ढिलेपणा शोधा

ढिला जोड असताना घेतलेली नैसर्गिक वारंवारता खोटी असते, कारण बोल्ट आवळला की ती बदलते. म्हणून हे आधी.

पंप चालू असताना एकाच उभ्या रेषेत खालून वर मोजत जा: पायाचं काँक्रीट, सोल प्लेट (काँक्रीटवर बसवलेली पोलादी प्लेट), डिस्चार्ज हेडचा पाय, हेडची वरची फ्लँज, मोटरची खालची फ्लँज, मोटरचं वरचं बेअरिंग. उंचीबरोबर आकडा हळूहळू वाढत जाणं स्वाभाविक आहे. पण दोन चिकटलेल्या पृष्ठभागांमध्ये आकडा उडी मारत असेल तर ढिलेपणा तिथेच आहे. समजा काँक्रीटवर ०.४ मिलिमीटर प्रति सेकंद, सोल प्लेटवर ०.५, आणि लगेच वरच्या हेडच्या पायावर १.९. बोल्ट सैल आहे, शिम (खाली सारलेला पातळ पत्रा) कमीजास्त आहे किंवा बसण्याची जागा सपाट नाही. काँक्रीट ०.४ आणि सोल प्लेट १.६ असेल तर खालचं ग्राउट (प्लेटखाली ओतलेलं भरण) पोकळ झालंय. हातोडीने टोकून बघा, आवाजावरून कळतं. पोकळ जागी भोकं पाडून नॉन-श्रिंक किंवा इपॉक्सी ग्राउट भरावं लागेल. अँकर बोल्ट कितीही आवळले तरी पोकळी भरत नाही, उलट सोल प्लेट वाकते.

मजल्याच्या तुळईवरही सेन्सर ठेवा. पंपहाउसचा स्लॅब तुळयांवर असतो आणि त्याला स्वतःची लवचिकता असते. मजला हेडच्या निम्म्यानेही हलत असेल तर हेडला कितीही पट्ट्या ठोका, उपयोग नाही. काम सिव्हिलवाल्यांचं आहे.

मग डिस्चार्ज पाइप. हेड आणि रायझिंग मेन (पाणी पुढे नेणारा मुख्य पाइप) यांच्यामध्ये रबरी बेलो (लवचीक जोड) असेल तर त्याला धरून ठेवणारे टाय रॉड आहेत का आणि ते ताणात आहेत का ते पाहा. ४०० मिलिमीटरच्या पाइपात ६ बार दाब असेल तर बेलो साडेसात टनांच्या आसपास बळाने हेडला मागे ढकलतो. टाय रॉड काढून ठेवलेला, किंवा ‘बेलो मोकळा राहावा’ म्हणून नट सैल सोडलेला बेलो मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलाय. अशा हेडला बॅलन्सिंग काय करणार?

> तपासणी: पंप बंद असताना डायल गेज मोटरच्या फ्लँजवर टेकवा आणि डिस्चार्ज फ्लँजचे बोल्ट सोडा. काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त सरकला तर पाइप पंपाला ओढतोय. आधी पाइप सरळ करा.

हेडखाली रबरी पॅड सारू नका. आडव्या ब्लोअरला जे चालतं ते इथे चालत नाही. पॅडने नैसर्गिक वारंवारता खाली येते, लेव्हल बिघडते, आणि लोंबणारा कॉलम तिरका होऊन बुश एका बाजूने खातो.

टप्पा ३: चालू पंपाची मोजणी

मोटरच्या वरच्या बेअरिंगच्या उंचीवर दोन दिशांनी मोजा: एक डिस्चार्ज पाइपच्या रेषेत, दुसरी तिला काटकोनात. एकाच दिशेने मोजून फॉर्म भरणं इथे चालणार नाही. हेडला खिडक्या असल्यामुळे दोन दिशांचा ताठपणा वेगळा, म्हणून नैसर्गिक वारंवारताही दोन. एका दिशेला ८ मिलिमीटर प्रति सेकंद आणि दुसरीकडे २, असा मोठा फरक दिसला तर रेझोनन्सचा संशय पक्का धरा. साधा असमतोल दोन्ही दिशांना बऱ्यापैकी सारखाच दिसतो.

सेन्सर पंख्याच्या कव्हरवर लावू नका. तो पत्रा स्वतःच वाजतो. जाड रंग खरवडून चुंबक लोखंडावर बसवा.

मंद पंपाच्या बाबतीत आकड्यामागची हालचाल लक्षात घ्या. ७४० फेऱ्यांवर ५ मिलिमीटर प्रति सेकंद हा साधासुधा आकडा वाटतो, पण मोटरचं टोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ०.१८ मिलिमीटर सरकत असतं. मर्यादा पाहायची तर पंपांसाठीच्या आयएसओ १०८१६ च्या सातव्या भागाची किंवा तुमच्या टेंडरमधली घ्या. भिंतीवर टांगलेला सर्वसाधारण तक्ता नको.

स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेवर किती कंपन, हा आलेख) काय दिसतंय त्यावर पुढचा रस्ता ठरतो:

१. एकच शिखर, फेऱ्यांच्या वारंवारतेवर: पुढच्या टप्प्याकडे जा.

२. १०० हर्ट्झवर शिखर: पंप चालू असताना वीज तोडा. आकडा त्याच क्षणी पडला तर दोष मोटरच्या विद्युत भागात आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून त्याची दुप्पट.

३. पात्यांच्या वारंवारतेवर शिखर: पंप त्याच्या उत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूपासून किती लांब चालतोय ते पाहा. त्या प्रवाहाच्या ७० ते १२० टक्क्यांमध्ये असेल तर बरं. स्लुइस व्हॉल्व्ह अर्धा दाबून ‘प्रेशर चांगलं दाखवणं’ हे नेहमीचं कारण.

४. खाली पसरलेला, सतत बदलणारा गोंधळ, सोबत खडी घासल्यासारखा आवाज: सम्पमध्ये बघा. भोवरे पडताहेत किंवा पोकळीकरण (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) चाललंय.

चौथ्या गोष्टीसाठी एक हिशेब हाताशी ठेवा. बेलमाउथच्या, म्हणजे पंपाच्या पाणी ओढणाऱ्या रुंद टोकाच्या, तोंडावर किमान किती पाणी हवं, तर बेलचा व्यास गुणिले (१ अधिक २.३ वेळा फ्रूड अंक). फ्रूड अंक म्हणजे बेलच्या तोंडावरचा वेग भागिले √(गुरुत्वप्रवेग × व्यास). ०.७ मीटरचा बेल आणि ताशी १००० घनमीटर पाणी असेल तर वेग ०.७२ मीटर प्रति सेकंद, फ्रूड अंक ०.२८, आणि लागणारं पाणी सुमारे १.१५ मीटर. यापेक्षा पातळी खाली गेली की भोवरा हवा ओढायला लागतो. तळापासून बेलचं अंतर व्यासाच्या ०.३ ते ०.५ पट असावं. पावसाळ्यानंतर गाळ साचला की हे अंतर गुपचूप कमी होतं, म्हणून दोर सोडून मोजा.

टप्पा ४: ठोक्याची चाचणी

पंप बंद, फेरे पूर्ण थांबलेले. शक्य असेल तर शेजारचे पंपही दहा मिनिटं बंद ठेवायला सांगा. त्यांची थरथर मजल्यातून येते आणि नेमकं फेऱ्यांच्या वारंवारतेवर खोटं शिखर उभं करते. पाणीपुरवठ्याच्या वेळेमुळे ते जमत नसेल तर आधी ठोका न देता एक नोंद घ्या आणि त्यातली शिखरं नंतर वगळा.

अ‍ॅनालायझरची मांडणी: कमाल वारंवारता १०० हर्ट्झ, ८०० रेषा. यात दोन रेषांमधलं अंतर ०.१२५ हर्ट्झ आणि एका नोंदीला ८ सेकंद. विंडो (नोंदीच्या कोणत्या भागाला किती महत्त्व द्यायचं, ती मांडणी) हॅनिंग नको. तिने नोंदीची सुरुवात दाबली जाते आणि ठोक्याची ताकद नेमकी तिथेच असते. विंडो नाही किंवा एक्स्पोनेन्शियल ठेवा. एका नोंदीत एकच ठोका, असे पाच ठोके, आणि सरासरी.

ठोका मोटरच्या वरच्या ब्रॅकेटवर, सेन्सर त्याच उंचीवर त्याच दिशेने. सेन्सर समोरच्या बाजूला असला तरी चालतं. दोन्ही दिशा स्वतंत्र करा. ठोका देऊन हातोडा लगेच मागे घ्या. टेकलेला राहिला तर दुसरा ठोका बसतो आणि नोंद वाया जाते. ताकदीने मारायची गरज नाही. कंपन विरत जाताना स्क्रीनवर स्वच्छ शेपटी दिसली म्हणजे ठोका बरोबर.

मिळालेल्या शिखरावरून डॅम्पिंगही काढता येतं. शिखराच्या ०.७०७ पट उंचीवर डावी-उजवीकडची वारंवारता वाचा, त्यांतला फरक घ्या आणि शिखराच्या वारंवारतेच्या दुपटीने भागा. १६.८ हर्ट्झचं शिखर आणि ०.६७ हर्ट्झ रुंदी म्हणजे २ टक्के. रुंदी रेषांमधल्या अंतराच्या चार-पाच पटीहून कमी असेल तर रेषा वाढवून पुन्हा घ्या.

> तपासणी: नैसर्गिक वारंवारता आणि फेरे यांत किमान १५ टक्के, शक्यतो २० टक्के अंतर हवं. कमी असेल तर रोटरला हात लावू नका. रेझोनन्सजवळ फेऱ्यांत जरासा बदल झाला तरी फेज (धक्का आणि हालचाल यांमधला कोन) फिरतो, म्हणून ट्रायल वेटवरून (बॅलन्सिंगसाठी लावून बघितलेलं वजन) काढलेलं उत्तर दर वेळी वेगळं येतं. ‘वजन लावलं तसं वाढलं, काढलं तरी वाढलं’ ही तक्रार इथूनच येते.

खात्रीसाठी दुसरी चाचणी: चालू पंपाची वीज तोडून फेरे उतरताना मोठेपणा आणि फेज दोन्ही नोंदवा. उतरताना मोठेपणा आधी वाढला आणि फेज ९० अंशांतून जात फिरला तर रेझोनन्स फेऱ्यांच्या खाली आहे. उभा पंप काही सेकंदांतच थांबतो, तेव्हा सलग नोंद घेणारा अ‍ॅनालायझर हवा.

> सावधान: रॅचेट (उलटं फिरणं अडवणारा खटका) नसलेला पंप थांबल्यावर कॉलममधलं पाणी खाली येताना उलटा फिरतो. लाइट गेली, आली, आणि कोणी लगेच स्टार्ट दिला तर शाफ्ट पिळवटतो. फिरणं पूर्ण थांबल्याशिवाय हात बटणावर नको.

टप्पा ५: पाण्याखालचा भाग

इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण दिसत काही नाही.

पाण्यात हलणारा पाइप स्वतःच्या वजनाबरोबर पाणीही हलवतो. आतलं पाणी तर त्याच्याबरोबर जातंच, पण बाहेरचंही जातं: गोल पाइपसाठी त्याने जेवढ्या आकारमानाचं पाणी बाजूला सारलं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचं. ४०० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ८ मिलिमीटर जाडीचा कॉलम घ्या. लोखंड मीटरमागे ७७ किलो. आतलं पाणी ११६ किलो. बाहेरचं १२६ किलो. ७७ चे ३१९ झाले. ताठपणा तोच राहिल्यामुळे वारंवारता वर्गमूळाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे जवळजवळ निम्मी. फ्लँज आणि शाफ्ट धरले तर फरक थोडा कमी होईल, पण गोष्ट तीच. विहीर अरुंद असेल, भिंत कॉलमच्या जवळ असेल, तर बाहेरच्या पाण्याचा भार आणखी वाढतो.

यातून तीन गोष्टी निघतात.

वर्कशॉपमध्ये आडवा टाकून किंवा कोरड्या विहिरीत टांगून कॉलमवर घेतलेली ठोक्याची चाचणी निरुपयोगी आहे. ३० हर्ट्झ दाखवणारा कॉलम पाण्यात १६ वर असू शकतो.

पातळी बदलली की वारंवारता बदलते. ‘साहेब, पावसाळ्यात हा पंप गुण्यागोविंदाने चालतो, एप्रिलमध्ये त्याच्या अंगात येतं,’ असं ऑपरेटर सांगतो तेव्हा त्याचं ऐका. नदीची पातळी चार-सहा मीटर उतरली की तेवढा कॉलम बाहेरच्या पाण्याच्या भारातून मोकळा होतो आणि वारंवारता वर सरकते. पावसाळ्यात फेऱ्यांच्या खाली असलेली वारंवारता उन्हाळ्यात फेऱ्यांवर येऊन बसते. भोवऱ्यांचं कारणही उन्हाळ्यातच येतं, म्हणून दोन्ही तपासा. स्पेक्ट्रममध्ये टोकदार एकटं शिखर म्हणजे रेझोनन्स, पसरलेला गोंधळ म्हणजे सम्प.

तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. पंप थांबला की कॉलममधलं सम्पच्या पातळीच्या वर असलेलं पाणी खाली निघून जातं. म्हणजे बंद पंपावरची चाचणी थोड्या हलक्या कॉलमवर होते. वरच्या मोटर-हेडच्या हालचालीला याने फारसा फरक पडत नाही, पण कॉलमच्या वारंवारतेचा आकडा चालू स्थितीत काहीसा खाली धरा.

मोजायचं कसं? आयपी ६८ दर्जाचा, पाण्यात बुडणारा सेन्सर बाउलवर (इम्पेलर असलेला सर्वांत खालचा भाग) आणि दुसरा कॉलमच्या मध्यावर, दोन्ही कॉलम सोडतानाच बसवून घ्या. केबल दर मीटरला स्टीलच्या पट्टीने बांधा. मोकळी केबल प्रवाहात फडफडते आणि तीच स्पेक्ट्रममध्ये दिसते. कॉलम बाहेर काढायची पाळी आधीच आलेली असेल तर हा खर्च टाळू नका. वर मोटर शांत आणि खाली बाउल नाचतोय, असं होऊ शकतं. सोल प्लेटजवळ हालचाल शून्य असते आणि खालचं तिथून वर पोचतच नाही. मग दर सहा महिन्यांनी बुश खातात आणि दोष गाळाला दिला जातो. गाळही बुश खातोच, पण तो सगळीकडे सारखा खातो. एकाच उंचीचे बुश, तेही एकाच बाजूने, झिजत असतील तर कॉलम तिथे वाकतोय.

टप्पा ६: उपाय निवडा

वारंवारता फेऱ्यांपासून लांब न्यायची, मग ती वर असो की खाली. ताठपणा वाढवला तर वर जाते, वजन वाढवलं तर खाली येते, आणि दोन्ही वर्गमूळाच्या हिशेबाने. वारंवारता २० टक्के वर न्यायची तर ताठपणा ४४ टक्के वाढला पाहिजे. दोन पट्ट्या वेल्ड करून हे होत नाही.

आधीच फेऱ्यांच्या थोडी वर असेल तर ताठ करा, थोडी खाली असेल तर वजन वाढवा. हे उलट केलं तर वारंवारता थेट फेऱ्यांवर येऊन बसते. आणि ही चूक होते, कारण ‘मजबूत करा’ हा सल्ला कुठेही द्यायला सोपा असतो.

ताठ करायचं तर सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे हेडच्या खिडक्या. कपलिंगपर्यंत हात जावा म्हणून कापलेल्या या खिडक्यांवर जाळीच्या गार्डऐवजी जाड प्लेट सर्व बाजूंनी बोल्ट करून बसवा. काढता येते, आणि लगेच ठोका देऊन फरक मोजता येतो. वेल्डिंगच्या पट्ट्या हा दुसरा पर्याय, पण वेल्डिंगने हेडची फ्लँज वाकडी होते. नंतर डायलने फ्लँज आणि शाफ्टचा रनआउट (फिरवताना किती डुलतो ते) तपासल्याशिवाय मोटर बसवू नका. वेल्डिंगची अर्थिंग वेल्डच्या अगदी शेजारी लावा. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला लावली तर करंट मोटरच्या बेअरिंगमधून जातो.

मोटर भिंतीला तिरक्या अँगलने बांधायची असेल तर आधी तात्पुरता टर्नबकल लावून बघा. भिंत स्वतः ताठ असेल तरच फायदा. चेन पुली ब्लॉकने गॅन्ट्रीला ताणून ठेवणं हा उपाय नाही. साखळी फक्त ओढते, ढकलत नाही, आणि हुक सुटला तर खाली माणूस असतो.

कॉलमला विहिरीच्या भिंतीतून आधार देताना कॉलम मोकळा लोंबेल त्या जागी आधार न्या, आधाराच्या जागी कॉलम ओढू नका. चारी बाजूंचं अंतर मोजून शिम भरा, मग आवळा. दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली तर कॉलम त्यात आपटत राहतो. आणि आधार जिथे हालचाल जास्त तिथेच हवा.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या, म्हणजे फेरे कमीजास्त करता येणाऱ्या, पंपात लोक नको ती वारंवारता वगळण्याची सोय वापरतात. ती वापरा, पण हिशेबाने. चार पोलच्या मोटरची नैसर्गिक वारंवारता २० हर्ट्झ असेल तर इन्व्हर्टरवर तो ४० हर्ट्झचा आकडा. दोन्हीकडे १५ टक्के सोडायचे तर ३४ ते ४६ पर्यंतचा पट्टा गेला. राहिलं काय? ३९ ते ४१ एवढाच पट्टा वगळून समाधान मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

टप्पा ७: ताठही होत नाही, वजनही वाढत नाही, तेव्हा शोषक

फेरे कायम एकच असतील, तर मोटरच्या वरच्या भागाला पट्टीवरचं वजन जोडता येतं. त्याची स्वतःची वारंवारता बरोबर फेऱ्यांइतकी ठेवली की पट्टी हलते आणि मोटर शांत राहते.

आधी मोटरच्या टोकाचं परिणामकारक वजन काढा. नेमप्लेटवरचं वजन चालत नाही. ओळखीचं वजन घट्ट बांधा आणि ठोका द्या. १६.८ हर्ट्झची वारंवारता ७५ किलो बांधल्यावर १६.३ झाली, तर गुणोत्तराचा वर्ग वजा १ म्हणजे ०.०६२, आणि ७५ भागिले ०.०६२ म्हणजे सुमारे १२०० किलो. याच्या ५ टक्के, ६० किलो, शोषकाला घ्या.

फेरे ९८५, म्हणजे १६.४ हर्ट्झ. ६० किलोला हवा असलेला ताठपणा सुमारे ६.४ लाख न्यूटन प्रति मीटर. १०० रुंद, २५ जाड, ५०० मिलिमीटर लांब पोलादी पट्टी ६.२५ लाख देते. पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा चौथा हिस्सा धरला तर वारंवारता १५.९ येते. वजन आत सरकवून मुळापासून ४९० मिलिमीटरवर आणलं की १६.४. ५ मिलिमीटर सरकवल्याने दीड टक्का फरक पडतो, म्हणून वजनाला क्लॅम्प आणि लांब खाच ठेवा. पट्टीची पातळ बाजू थरथरीच्या दिशेला.

५ टक्के वजनाने रेझोनन्स नाहीसा होत नाही. त्याची दोन शिखरं होऊन ती साधारण ११-१२ टक्के खाली आणि वर जातात. म्हणूनच इन्व्हर्टरच्या पंपाला हा शोषक लावू नका. तिथे डॅम्पिंगसह वेगळी रचना लागते.

> सावधान: १६.४ हर्ट्झला पट्टी दिवसाला १४ लाख वेळा वाकते. मुळाशी वेल्ड करू नका, दोन प्लेटांमध्ये क्लॅम्प करा आणि कडा गोल घासा. ६० किलोला वेगळी साखळी बांधून ठेवा. पहिल्या आठवड्यानंतर मुळाशी डाय-पेनेट्रंटने तडा तपासा.

टप्पा ८: आता बॅलन्सिंग, आणि पुन्हा मोजणी

अंतर मिळाल्यावरही आकडा मर्यादेबाहेर असेल तर जागेवरच बॅलन्स करा. आता ट्रायल वेटला फेज स्थिर राहील आणि बहुतेकदा एक-दोन प्रयत्नांत काम होतं.

मग तिसऱ्या टप्प्यातली मोजणी जशीच्या तशी पुन्हा: त्याच जागा, त्याच दिशा, रंगाने खूण केलेल्या. प्रत्येक नोंदीत सम्पची पातळी, डिस्चार्जचा दाब आणि व्हॉल्व्ह किती उघडा होता ते लिहा. पातळी न लिहिलेली नोंद पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्याही कामाची नसते. निदान दोन पातळ्यांवर घ्या: ऑक्टोबरात एक, एप्रिल-मेमध्ये एक. सम्प समांतर पंपांना सामायिक असेल तर एकटा आणि सगळे चालू, अशा दोन नोंदी.

ठोक्याची चाचणी मात्र एकदाच करून फाइलला लावण्याची नाही. कॉलमचा तुकडा वाढवला, बुशचा प्रकार बदलला, पाइपला नवा आधार दिला, किंवा जळालेल्या मोटरच्या जागी दुसऱ्या बनावटीची मोटर आली, तर चौथा टप्पा नव्याने. मोटर बदलताना फक्त किलोवॅट, फेरे आणि फ्लँज जुळवून ऑर्डर दिली जाते. मागणीपत्रात रीड फ्रिक्वेन्सी, वजन आणि गुरुत्वमध्याची उंची या तीन ओळी वाढवा, आणि ऑर्डर जाण्याआधी ते आकडे जुन्या मोटरशी ताडून घ्या.